वन बीएचकेमध्ये थेरपीला बसायचं कुठे?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील गाळून):

वय ३९. बोरिवली पूर्वेला वन बीएचके. घरात सासू-सासरे, नवरा आणि दहावीतली मुलगी. दादरला एका खासगी कंपनीत अकाउंट्सचं काम. मागच्या पावसाळ्यात सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, जोगेश्वरीच्या अलीकडे गाडी सिग्नलला अडकली आणि पत्रलेखिकेच्या छातीत धडधड सुरू झाली. हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, ‘आता मी इथेच जाते’ असं वाटलं. अंधेरीला उतरून त्यांनी थेट हॉस्पिटल गाठलं. ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. तेव्हापासून त्या बोरिवलीहून सुटणाऱ्या स्लो गाडीनेच जातात, बसायला मिळालं तरी दाराजवळ उभ्या राहतात, पर्समध्ये पाण्याची बाटली आणि ग्लुकोजची पुडी असतेच. रात्री तीनला जाग येते आणि मुलीच्या बोर्डापासून घराच्या हप्त्यापर्यंत सगळं डोक्यात फिरत राहतं. ऑफिसमधल्या मैत्रिणीने सुचवलं म्हणून बाराशे रुपये भरून एका ॲपवर पंचेचाळीस मिनिटांचं सत्र घेतलं. बेडरूमचं दार लोटून बसल्या होत्या. विसाव्या मिनिटाला सासूबाई ‘भेंडी आज चिरू की उद्याला ठेवू’ विचारायला आत आल्या आणि यांनी गडबडीने फोन बंद केला.

त्या विचारतात: “मोबाइलवर बोलून खरंच काही होतं का? त्या मॅडमनी तर नुसते प्रश्नच विचारले. घरी कळू न देता हे करता येईल का? नवऱ्याला सांगितलं तर ते नोकरीच सोड म्हणतील. आणि मला लाजही वाटते. लोकांची केवढाली दुःखं असतात, माझे हे मनाचे चोचले तर नाहीत ना?”

सप्रेम नमस्कार.

तुमचे प्रश्न वाचले, पण मी अडकले ती भेंडीपाशी. पंचेचाळीसपैकी पंचवीस मिनिटं झालीच नाहीत. जी वीस झाली त्यातही तुमचा एक कान दाराकडे होता. आणि त्यावरून तुम्ही ठरवलंत की मोबाइलवरची थेरपी काही खरी नाही. अहो, ती अजून सुरू कुठे झालीय? आपल्याकडे या विषयावर बोलताना पैशांची चर्चा होते, ‘लोक काय म्हणतील’ची तर होतेच होते. पण पाच माणसांच्या घरात, जिथे आतून कडी लागणारी दारं मोजकीच आणि त्यांच्याबाहेरही रांग, तिथे मोकळेपणी रडायला पाऊण तास आणायचा कुठून, हे कोणी विचारत नाही. ऑनलाइन थेरपीच्या जाहिरातीतली बाई खिडकीपाशी सोफ्यावर कॉफीचा मग घेऊन एकटीच बसलेली असते. तिच्या सासूबाई कुठे जातात कोण जाणे.

जागेकडे येतेच. त्याआधी चोचल्यांचा प्रश्न निकालात काढू. चोचले असते तर तुम्ही रजा टाकून घरी बसला असतात. तुम्ही वर्षभर डबे भरून, मुलीला उठवून, वर वीस मिनिटं लवकर घर सोडताय. शेजारणीचं ऑपरेशन झालंय म्हणून आपली दाढ दुखायची थांबत नाही. एवढं पुरे.

निदान करणं या सदराचं काम नाही. पण गाडीत तुम्हाला जे झालं तसल्या झटक्याला सहसा पॅनिक अटॅक म्हणतात, आणि तो कसा चालतो हे कळलं की पुढचं बरंच सोपं होतं. धोका आहे असं वाटलं की शरीर पळायच्या तयारीला लागतं. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होतो. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळेच मुंग्या येतात, गरगरतं. आता या मुंग्यांचा अर्थ आपण काय लावतो यावर पुढचं सगळं ठरतं. ‘हार्ट अटॅक येतोय’ असा लावला की भीती दुप्पट, भीती दुप्पट की श्वास आणखी जोरात. हे काही मिनिटांत टोकाला जातं आणि मग आपसूक उतरतं. तुम्ही गाडीत असा, फलाटावर असा, ते उतरतंच.

तुम्ही मात्र त्या दिवशी अंधेरीला उतरलात आणि बरं वाटलं. मेंदूने नोंद करून ठेवली: उतरले म्हणून वाचले. गाडीतच राहिला असतात तरी बरं वाटलं असतं, पण ते बघायची संधी तुम्हाला मिळाली नाही. आणि त्यानंतरची प्रत्येक स्लो गाडी, प्रत्येक बाटली तीच नोंद पक्की करत आलीय. स्लो गाडीने तुम्हाला सांभाळलं असं तुम्हाला वाटतं. माझ्या मते तिनेच ही भीती पोसली. आज फास्ट सुटली, उद्या गर्दीची स्लो सुटेल, मग लिफ्ट, मग भुयारी मेट्रो. टाळायच्या गोष्टींची यादी अशीच वाढते. आणि ते दाराजवळ उभं राहणं तर आजपासून बंद करा. त्याचं मानसशास्त्र राहू दे बाजूला, पश्चिम रेल्वेच्या दारात लटकून कोणाच्या जिवाची भीती कमी झाल्याचं ऐकिवात नाही.

एक तपासणी मागे राहिली असेल तर तेवढी उरका. ईसीजी झाला हे छान झालं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पाहिलंय का? दोन्हींमध्ये बिघाड असला तर धडधड होऊ शकते. दिवसाला पाच-सहा कप चहा होत असेल तर तोही मोजा. छातीत दुखणं चालताना वाढत असेल, हातात किंवा जबड्यात जात असेल, तर मात्र ‘माझं टेन्शनचंच आहे’ म्हणून घरी बसायचं नाही, सरळ हॉस्पिटलमध्ये जायचं.

आता त्या मॅडम. त्यांनी नुसते प्रश्न विचारले, कारण पहिलं सत्र तेवढ्यासाठीच असतं. कधीपासून होतंय, झोप कशी आहे, घरात कोणाला असं काही होतं का, जीव द्यावासा वाटतो का. हे न विचारता पहिल्याच भेटीत सल्ले देणाऱ्या माणसाची मला जास्त काळजी वाटली असती. खरं काम दुसऱ्या-तिसऱ्या सत्रापासून सुरू होतं आणि त्यातलं बरंचसं दोन सत्रांच्या मधल्या आठवड्यात होतं. चिंतेसाठी सर्वात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे सीबीटी, कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी. विचार, शरीर आणि वागणं एकमेकांना कसं खेचतात ते पाहून त्यात बदल करायचा. ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेत ती उभी केली. तिच्या आधीची सख्खी बहीण म्हणजे अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ उपचारपद्धती, आणि ती तर मराठी वाचकाला परकी नाही. मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी मुंबईत राहून ती इथल्या लोकांपर्यंत आणली. थेरपी म्हणजे वर्षानुवर्षं पलंगावर पडून बालपण उकरत बसायचं, अशी काहींची समजूत असते. पण पॅनिकसाठी साधारण दहा-बारा सत्रांचं काम धरून चालतात.

ते काम दिसतं कसं? समजा तुम्हाला वहीत नोंद करायला सांगितली. तुम्ही लिहाल: ‘मंगळवार सकाळ. कांदिवलीच्या पुढे गाडी थांबली. मनात आलं, इथे पडले तर कोण उचलेल. भीती दहापैकी आठ. तळवे ओले. बाटली काढून हातात धरली. मालाड गेलं तेव्हा भीती तीन.’ बुधवारच्या सत्रात थेरपिस्ट विचारेल, पाणी किती प्यायलात? तुम्ही आठवाल आणि म्हणाल, प्यायलेच नाही, नुसती धरली होती. मग भीती आठवरून तीनवर आणली कोणी? असा प्रश्न एखाद्या मैत्रिणीलाही सुचू शकतो. पण मैत्रीण विचारत नाही, ती म्हणते, जाऊ दे ग, नको विचार करूस.

पुढचा टप्पा जिना चढण्याचा. रविवारी सकाळी, गर्दी नसताना, सोबतीला कोणीतरी घेऊन बोरिवली ते अंधेरी फास्टने. मधली स्टेशनं न थांबता जातात तेवढीच बारा-पंधरा मिनिटं. हेच एकटीने. मग बाटली घरी ठेवून. मग अंधेरीला न उतरता वांद्र्यापर्यंत, दादरपर्यंत. सकाळची साडेआठची गर्दी सर्वात शेवटी. प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबायचं, तिच्या ऐन टोकाला पळायचं नाही. हे मी लिहिलंय म्हणून उद्या एकटीने सुरू करू नका. पायऱ्या किती उंच ठेवायच्या हे तुमच्याबरोबर बसून कोणीतरी ठरवायला हवं. घाईत मोठी पायरी घेतली आणि मधेच उतरावं लागलं तर तीच जुनी नोंद पुन्हा पक्की होते. दीर्घ श्वास सोडण्याचा सराव मात्र आजपासून करायला हरकत नाही: आत घ्यायला लागतो त्याहून जास्त वेळ बाहेर सोडायला. पुढे कदाचित तुमचा थेरपिस्टच सांगेल की आता गाडीत तेही करू नका, कारण त्याचीही बाटली होऊ शकते.

मोबाइलवर हे जमतं का? जमतं. स्वीडनमध्ये इंटरनेटवरून सीबीटी देऊन पाहण्याचे प्रयोग १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून होत आले आहेत. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवाही ऑनलाइन पद्धती वापरते. चिंता आणि मध्यम नैराश्य यांत, मागे एखादा माणूस लक्ष ठेवायला असेल तर, समोरासमोरच्या थेरपीइतकाच गुण येतो असं पुन:पुन्हा दिसलंय. ‘माणूस असेल तर’ हे महत्त्वाचं. नुसतं ॲप, नुसते व्हिडिओ, ‘दिवसाला दहा मिनिटं’ वगैरे जे असतं, ते बहुतेक जण मध्येच सोडतात. शिवाय तुमची भीती कुठल्या केबिनमध्ये राहत नाही, ती फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात राहते. फलाटावरून पाच मिनिटं फोनवर बोलून गाडीत चढता येणं ही सोय दादरच्या क्लिनिकमधल्या खुर्चीत नाही. आणि त्या खुर्चीपर्यंत जायला तरी तुम्हाला लोकलच धरावी लागणार.

रात्री तीनला जाग आल्यावर चॅटबॉटशी बोलणारे वाचक मला हल्ली बरेच लिहितात. तुम्ही लिहिलेलं नाही, तरी सांगते. मन हलकं करायला, वहीतली नोंद नीट मांडायला त्याचा उपयोग होतो. पण आपण म्हणू त्याला मान डोलावण्याकडे त्याचा कल असतो. स्लो गाडी बरी वाटते म्हटलं तर तो म्हणेल, स्वतःची काळजी घेताय हे छान. रविवारी फास्टने गेलात का, हे बुधवारी विचारणारं कोणीतरी लागतं, आणि गेला नसलात तर थोडं अवघडायला होईल असं लागतं.

आता जागा. तुम्ही जागा घरात शोधताय, आणि ती घरात नाही. दादरला नोकरी आहे ना? ऑफिस सुटल्यावर मीटिंग रूम पाऊण तास मिळते का बघा. ज्या मैत्रिणीने ॲप सुचवलं, तिचं घर जवळ असेल तर तिला एक खोली मागा. बायका एकमेकींना पैसे उसने मागतात, खोली मागायला लाजतात. तेही नाही जमलं तर कॅमेरा बंद ठेवून फक्त आवाजावर बोला, आणि त्यासाठी शिवाजी पार्कचा कट्टा काही वाईट नाही. संध्याकाळी तिथे निम्मी माणसं फोनवरच असतात, आणि तुमचं बोलणं ऐकायला कोणाला वेळ नसतो. मुंबईत एकांत कधी कधी गर्दीतच मिळतो. मन फार भरून आलेल्या दिवशी कट्टा नको, पण वहीतल्या नोंदींवर बोलायला पुरतो. चालत्या गाडीत किंवा रिक्षात सत्र घेऊ नका. नेटवर्क तुटतं आणि नेमकं वाक्य अर्ध्यावर राहतं. कुठे बसलात ते समोरच्याला सुरुवातीलाच सांगून टाका. एखादं खुणेचं वाक्यही ठरवा. ‘ती फाइल उद्या पाठवते’ म्हटलं की कोणीतरी जवळ आलंय, विषय बदला. इअरफोन लावले तर समोरच्याचा आवाज झाकला जातो, तुमचा नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. घरूनच बोलणार असाल तर पंखा जोरात लावा आणि दारापासून लांबच्या कोपऱ्यात बसा.

लिहूनही बोलता येतं. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा २०१२ पासून फोनवर आणि ईमेलवरही मोफत समुपदेशन करते. ज्या घरात कडी लागत नाही त्या घरात ईमेल ही फार मोठी गोष्ट आहे. टाइप केलेलं रडणं कोणाला ऐकू जात नाही.

घरी कळू न देता करता येईल का? कायद्याने विचाराल तर हो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमची माहिती गुप्त राखणं हे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक केलंय. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, कोर्टाचा आदेश अशा मोजक्याच बाबतींत अपवाद. नवऱ्याने फोन करून विचारलं तरी त्यांनी सांगायचं नाही.

पण तुम्ही करावं का, यावर माझं मत वेगळं आहे. सासूबाई आत आल्या, कारण आत काही चाललंय हे त्यांना माहीतच नव्हतं. खासगी ठेवणं वेगळं आणि लपवणं वेगळं. लपवायचं म्हणजे फोन उपडा ठेवायचा, जॉइंट खात्यातून पैसे गेले की नवऱ्याच्या मोबाइलवर जाणाऱ्या मेसेजचं काय ते आधीच जुळवून ठेवायचं, ॲपचं नोटिफिकेशन वाजलं की दचकायचं. ज्या बाईला आधीच दहा गोष्टींवर पहारा द्यायची सवय लागलीय, तिला आपण अकरावी का द्यावी? सासूबाईंना एवढंच सांगा: ‘बुधवारी साडेसात ते सव्वाआठ मला एक कॉल असतो, तेवढा वेळ दार लावते. भेंडीचं काय ते आधी विचारून घ्या.’ यात खोटं काही नाही. कसला कॉल म्हणून विचारलं तर ‘तब्येतीचा’ म्हणा. पहिल्या दोन बुधवारी कुतूहल वाटेल, तिसऱ्या बुधवारी त्या तेवढ्या वेळात मालिका लावून बसतील.

नवऱ्याला मात्र थोडं जास्त सांगा. ‘ते नोकरी सोड म्हणतील’ हे तुम्ही त्यांच्या वतीने ठरवून टाकलंय. खरंच म्हणाले का? कधी? थेरपीत तुम्हाला हेच विचारतील: याला पुरावा काय? आणि समजा म्हणाले, तरी त्यामागे काळजीच असेल. फक्त ती काळजी पुन्हा टाळायलाच शिकवणारी आहे, स्लो गाडीऐवजी घरी बसवणारी. म्हणून त्यांनी काय करायचं ते तुम्हीच सांगा: ‘नोकरीचं काही ठरवायचं नाहीये. मला गाडीत असं असं होतं, त्यावर उपचार घेतेय. रविवारी सकाळी माझ्याबरोबर अंधेरीपर्यंत फास्टने चला. मला धीर देत बसू नका, शेजारी नुसते बसा, पेपर वाचा.’ घरच्या माणसाला नेमकं काम दिलं की बरेचदा तो सल्ले देणं थांबवतो.

हे वाचणाऱ्या प्रत्येकीला लागू नाही. ज्या घरात मारहाण आहे, फोन तपासला जातो, तिथे कोणाला काही सांगू नका आणि घरातून ऑनलाइन बोलूही नका. तिथे प्रत्यक्ष केंद्रावर जाणं किंवा १८१ ही महिला हेल्पलाइन बाहेरच्या फोनवरून लावणं सुरक्षित. आत्महत्येचे विचार, कानात आवाज येणं, दिवसचे दिवस अंथरुणातून न उठणं, दारूचं व्यसन हाताबाहेर जाणं, यांतही ॲपवरच्या समुपदेशकावर भागवू नये. डॉक्टरच लागतो.

माणूस निवडताना ॲपच्या तारांकित रेटिंगपेक्षा पदवी बघा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषधं हाच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते, नंबर विचारायला लाजू नका. ‘काउन्सेलर’ ही पाटी मात्र सहा आठवड्यांचा कोर्स केलेलाही लावू शकतो आणि मानसशास्त्रात एमए करून वीस वर्षं काम केलेलाही. म्हणून थेट विचारायचं: शिक्षण काय, पॅनिकच्या किती जणांबरोबर काम केलंय, तुमच्यावर देखरेख करणारं कोणी वरिष्ठ आहे का. मराठीत बोलता येतं का हेही विचारा. रात्री तीनला आपल्याला इंग्रजीत भीती वाटत नाही. चार-सहा सत्रांनंतर ‘आपण कुठे पोचलो’ हा प्रश्न तुम्ही विचारायचा. चिंता मोजायला जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची साधी प्रश्नावली असते, गुण शून्य ते एकवीस. सुरुवातीला आणि मध्ये भरून घेतली की नुसत्या ‘बरं वाटतंय’वर अवलंबून राहावं लागत नाही.

ॲपच्या गोपनीयतेबद्दल थोडं साशंक राहिलेलं चांगलं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने बेटरहेल्प या बड्या थेरपी कंपनीवर कारवाई केली. ग्राहकांची माहिती गुप्त ठेवू असं सांगून तिने ती फेसबुक, स्नॅपचॅट यांना जाहिरातींसाठी दिल्याचा आरोप होता, आणि कंपनीला ७८ लाख डॉलर भरावे लागले. तेव्हा खऱ्या नावाऐवजी टोपणनाव चालत असेल तर ते द्या, ऑफिसचा ईमेल वापरू नका, फोनमधले संपर्क आणि फोटो बघायची परवानगी ॲपने मागितली तर नाही म्हणा.

औषधाला घाबरू नका, पण दुसऱ्याच्या पर्समधल्या औषधाला जरूर घाबरा. लोकलच्या डब्यात ‘अर्धी घे, शांत वाटेल’ म्हणून अल्प्राझोलमची गोळी पुढे करणाऱ्या प्रेमळ बायका मला माहीत आहेत. तिची सवय लागते. मानसोपचारतज्ज्ञ देतो ती नैराश्य-चिंतेवरची नेहमीची औषधं वेगळी असतात. ती दोन-चार आठवड्यांत हळूहळू लागू पडतात आणि डॉक्टरला विचारूनच कमी करायची असतात. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आल्यापासून नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओवर तपासून औषध लिहून देऊ शकतो, काही औषधांना मात्र त्यात मनाई आहे.

पैसे. आठवड्याला बाराशे म्हणजे महिन्याला जवळपास पाच हजार, आणि घराचा हप्ता चालू असताना तो आकडा लहान नाही. पहिली चार सत्रं दर आठवड्याला आणि मग पंधरवड्याला, असं विचारून बघा. परवडेल तसं शुल्क घेणारे बरेच थेरपिस्ट आहेत, पण ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत. कंपनीच्या एचआरकडे कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय आहे का तेही बघा, असून कोणी वापरत नाही असंच चित्र सगळीकडे दिसतं. केंद्र सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे: नंबर १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही. रात्री तीनच्या फेऱ्यात ती उपयोगी पडेल. प्रत्यक्ष जायचं ठरलं तर केईएम, सायन, नायर यांच्या मानसोपचार ओपीडी आहेतच, आणि तुमच्या वाटेवर विलेपार्ल्याचं कूपर. तिथे पैशांपेक्षा रांगेतला वेळच जास्त जातो, पण डॉक्टर चांगले भेटतात. मध्य रेल्वेवरच्या वाचकांसाठी ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून हेच काम मराठीत करतेय.

त्याच मॅडमना आणखी एक संधी द्यावी असं मला वाटतं. त्यांना हा मेसेज पाठवा, हवा तर जसाच्या तसा:

‘नमस्कार मॅडम. मागच्या वेळी घरी एकांत नव्हता म्हणून मी मध्येच कॉल बंद केला. पुढचं सत्र बाहेरून आणि फक्त आवाजावर घेईन. मला फास्ट लोकलची भीती वाटते आणि ती कमी करण्यावरच काम करायचं आहे. पॅनिकसाठी तुम्ही सीबीटी वापरता का? टप्प्याटप्प्याने गाडीत बसायचा सराव माझ्याकडून करून घ्याल का? साधारण किती सत्रं लागतील? तुमचं शिक्षण आणि नोंदणी कळवलीत तर बरं होईल.’

उत्तर नेमकं आलं तर पुढच्या चार बुधवारच्या वेळा एकदमच घेऊन टाका, म्हणजे दर आठवड्याला नव्याने ठरवायला नको. मोघम आलं, किंवा शिक्षण विचारल्याचा राग आला, तर दुसरी व्यक्ती शोधा. बहुतेक ॲपवर समुपदेशक बदलून मागता येतो, आणि त्यासाठी कारण द्यावं लागत नाही.